बोलपटातील बोल

इंग्रजी ‘टॉकी’ या शब्दास मराठीत ‘बोलपट’ हा प्रतिशब्द रूढ झाला, तेव्हा त्या नव्या कलेतील खरे नवल लोकांस कोणते वाटले होते हे त्या एका शब्दावरून कळून येते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांनी पाहिला. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली आला तोवर चित्र हलते याचे कौतुक जवळजवळ वीस वर्षे जुने झाले होते. नवल उरले होते ते चित्र बोलते याचे. पुढे बोलणे अंगवळणी पडले, ‘बोलपट’ हा शब्द जुन्या जाहिरातींत राहिला आणि ‘चित्रपट’ तेवढा व्यवहारात टिकला. शब्द गेला याचे आम्हांस फारसे दुःख नाही. परंतु त्याच्याबरोबर कानाची काळजीही गेली की काय, अशी शंका अलीकडे आम्हांस वारंवार येऊ लागली आहे, आणि ती येण्यास कारणही तसेच घडले आहे.

गेल्या काही वर्षांत रत्नागिरी शहरातील व आसपासच्या गावांतील तरुण मंडळींनी काढलेले लघुपट व माहितीपट पाहण्याचा योग आम्हांस बरेच वेळा आला. कधी परीक्षक म्हणून, कधी जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहास्तव, तर कधी केवळ कुतूहलाने आम्ही ते पाहिले. यांतील बहुतेक सर्व लघुपट डीएसएलआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांवर घेतलेले आहेत. हा कॅमेरा मुळात स्थिर छायाचित्रे घेण्यासाठी निर्माण झालेला; आपल्याकडे तो प्रथम लग्नाच्या मांडवात शिरला आणि मांडव उतरल्यावर हौशी दिग्दर्शकाच्या हाती आला. मांडवीच्या बंदरावरील पहाट, भगवतीच्या किल्ल्यावरून दिसणारे समुद्राचे अर्धवर्तुळ, भाट्याच्या पुळणीवरील सुरूची रांग, पावसाने काळवंडलेल्या चिऱ्याच्या भिंती, हे सर्व या लघुपटांत इतक्या देखणेपणाने उतरले आहे की, ज्या गावात आम्ही उभे आयुष्य काढले तेच गाव आम्हांस पुन्हा नव्याने पाहावेसे वाटले. मग पडद्यावरील आजीबाई बोलू लागतात, आणि त्याच क्षणी त्यांच्या मागचा समुद्रही बोलू लागतो. आजीबाईंचे ओठ हलतात. ऐकू येतो तो वारा. पाच-सहा वाक्यांमागे एखादे वाक्य पदरात पडते आणि उरलेले प्रेक्षकाने ओठांवरून ताडावयाचे असते.

येथे आमचा स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आम्ही परीक्षक असता अशाच एका लघुपटास आमच्या संमतीने पहिले पारितोषिक दिले गेले. संवाद कळले नाहीत ही तक्रार आम्ही टिपणात लिहिली होती खरी, पण ती ‘किरकोळ दोष’ या सदराखाली! नाटकातील नटाचा एकही शब्द तिसऱ्या रांगेपलीकडे पोहोचला नसता, तर त्या नाटकास पारितोषिक देण्याची कल्पनाही आमच्या मनास शिवली नसती. मग पडद्यास ही सवलत का? आम्ही सारे परीक्षक चित्रास भुललो, हेच तिचे खरे उत्तर आहे.

आणि चित्र भुलविण्यासारखे असतेच. या यंत्राची जन्मकथा पाहिली म्हणजे त्याच्या गुणांचा व अवगुणांचा उगम एकाच ठिकाणी आहे असे दिसते. १९०८ साली नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे २००८ च्या ऑगस्टात निकॉन कंपनीने ‘डी ९०’ हा कॅमेरा जाहीर केला. स्थिरचित्राच्या या जातीतील कॅमेऱ्याने चलच्चित्र टिपण्याचा तो पहिला प्रसंग. पुढच्याच महिन्यात कॅनन कंपनीचा ‘५ डी मार्क २’ जाहीर झाला. त्याच्यातील प्रकाश टिपणारा पडदा ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच, म्हणजे जुन्या फिल्मवरील छायाचित्राएवढाच होता. त्या वेळच्या सामान्य व्हिडिओ कॅमेऱ्यातील पडद्याच्या मानाने हा आकार प्रचंड होय. त्यामुळे कमी उजेडातही चित्र स्वच्छ येऊ लागले, आणि चेहरा स्पष्ट व मागचे सर्व काही विरघळलेले अशी मोठ्या चित्रपटांची ऐट थोड्या पैशांत साधू लागली. परंतु हे यंत्र घडविणाऱ्यांच्या मनासमोर होता तो छायाचित्रकार. आणि छायाचित्रकारास कान लागत नाहीत. त्या कॅमेऱ्यास आवाज टिपणारे एक बारीक छिद्र होते, बाहेरचा माईक जोडण्याची सोयही होती, परंतु टिपला जाणारा आवाज त्याच वेळी ऐकण्यासाठी हेडफोन लावण्याची सोय नव्हती. आवाजाची पातळी हाताने ठरविण्याची मुभादेखील प्रारंभी नव्हती. ती २०१० साली कंपनीने कॅमेऱ्याच्या आज्ञावलीत दुरुस्ती केली तेव्हा मिळाली. हेडफोनची सोय तर २०१२ च्या ‘मार्क ३’ मध्ये आली. पाहण्यास खिडकी आणि ऐकण्यास भिंत, अशा घरात ज्यांनी कलेचे पहिले धडे गिरविले त्यांस ऐकण्याची सवय लागली नाही, याचा सर्व दोष त्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

चित्राच्या बाबतीतही सर्व आलबेल आहे असे मात्र नव्हे. सेकंदाला पंचवीस चित्रे घ्यावयाची तर शटर एक-पन्नासांश सेकंदावर ठेवावे म्हणजे हालचाल डोळ्यास सहज वाटते. शिवाय आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तनांचा असल्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र लपलपत नाही. हा साधा नियम न पाळल्यामुळे देवळाच्या सभामंडपातील एका संपूर्ण कीर्तनावर काळे पट्टे सरकताना आम्ही पाहिले आहेत. भर दुपारी पुळणीवर हाच नियम पाळावयाचा तर उजेड इतका अधिक होतो की भिंगाचे तोंड जवळजवळ मिटून घ्यावे लागते. ते उघडे ठेवून पार्श्वभूमी विरघळवावयाची असेल तर भिंगापुढे उजेड अडविणारी करडी काच लावली पाहिजे, आणि तीही प्रकाश साठ-पासष्ट पटींनी कमी करणारी. ती नसली की आमचे मित्र शटरचा वेग वाढवितात, आणि मग लाटा फुटण्याऐवजी तुटू लागतात. कौलारू छपरे हा तर या कॅमेऱ्यांचा जुना शत्रू. बारीक समांतर रेघा दिसल्या की त्यांवर इंद्रधनुष्यासारखे खोटे तरंग उमटतात; कोकणात कौलांस टाळून चित्र कसे घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. आणि पार्श्वभूमी विरघळविण्याची जी ऐट, तिचा तर आता आम्हांस कंटाळा आला आहे. ज्या माणसाची गोष्ट सांगावयाची त्याचे अंगण, त्याची पडवी, त्याच्या दारातील तुळस हीच त्या गोष्टीची अर्धी बाजू असते; ती सर्व धुक्यात घालवून एक नाक व दोन डोळे तेवढे दाखविले, तर ते कोकणातील आहेत हे कशावरून समजावे? पण हे दोष असे आहेत की ते एकदा दाखविले की सुधारतात, कारण ते दिसतात. करणाऱ्याच्याही डोळ्यांस ते खुपतात.

साधन लहान असले म्हणजे कृती लहानच व्हावी असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. अमोल गुप्ते यांचा २०११ साली प्रदर्शित झालेला ‘स्टॅनली का डब्बा’ हा हिंदी चित्रपट याच जातीच्या कॅमेऱ्यावर, कॅननच्या ‘७ डी’वर, घेतलेला आहे. छायालेखन अमोल गोळे यांचे. शाळेतील मुलांच्या शनिवारच्या कार्यशाळांतून तो हळूहळू आकारास आला. मोठा कॅमेरा, दिव्यांचे खांब आणि माणसांची धावपळ पाहून मुले जी अवघडतात ती येथे अवघडलेली नाहीत. आणि डबा न आणणाऱ्या त्या मुलाचा चेहरा आपल्या इतका जवळ येतो की चित्राच्या बारीकसारीक उणिवांकडे लक्ष जात नाही. यंत्राचे लहानपण हाच त्याचा गुण, हे ज्याने ओळखले त्याच्या हाती त्याचे चीज झाले. आमच्याकडील मंडळींनी या उदाहरणापासून ‘कॅमेरा लहान चालतो’ एवढाच बोध घेतला. कॅमेरा माणसाच्या जवळ गेला होता, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहावयास आम्ही बसलो त्याकडे वळतो. जाखडी हा आमच्या भागातील लोकांचा जिव्हाळ्याचा नाच. यालाच बाल्या नाच असेही म्हणतात. गणपतीच्या दिवसांत वाडीवाडीतून तो रंगतो, आणि शक्तीवाले व तुरेवाले यांचे सामने तर मुंबईच्या नाट्यगृहांपर्यंत पोहोचले आहेत. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याची मांडणी थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण आमचा सर्व मुद्दा तिच्यावर आहे. मध्यभागी शाहीर, मृदंगवाला व झांजवाला बसतात. त्यांच्याभोवती पायांत घुंगरू बांधलेले नाचणारे फेर धरतात. शाहीर कवन म्हणतो, नाचणारे ते उचलतात आणि पावले टाकीत फिरतात. सामना असला तर एका पक्षाने पुराणातील कूट घालावे आणि दुसऱ्याने त्याचे उत्तर पद्यात द्यावे. म्हणजे डोळ्यांस जे दिसावयाचे ते सर्व वर्तुळाच्या परिघावर आहे, आणि कानांस जे ऐकावयाचे ते सर्व केंद्रात आहे. फेर पुरता दिसावा म्हणून कॅमेऱ्यास बाहेर, पंधरा-वीस फुटांवर उभे राहणे भाग पडते. शब्द कळावा म्हणून माईकला आत, शाहिराच्या तोंडापासून दीड-दोन फुटांवर असणे भाग पडते. एकच यंत्र एकाच वेळी या दोन्ही ठिकाणी उभे राहू शकत नाही.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सात-आठ वर्षांपूर्वी आपल्या आजोळच्या वाडीतील एका वृद्ध शाहिराची संपूर्ण रात्र अशीच टिपली. हेतू उत्तम होता, कष्ट थोडे नव्हते. शाहिरास लिहिता येत नव्हते. शंभराच्या वर कवने त्यांस मुखोद्गत होती, आणि त्यांतील कित्येक त्यांची स्वतःची होती. कॅमेरा बाराव्या मिनिटास आपोआप थांबे, कारण एका नोंदीत चार गिगाबाइटांहून अधिक मजकूर साठविणे त्यास शक्य नव्हते. तो पुन्हा सुरू करीपर्यंत एखादे कडवे निसटून जाई. ते एक असो. खरी हानी निराळीच होती. माईक कॅमेऱ्याच्याच डोक्यावर होता. त्याच्या आणि शाहिराच्या मध्ये दहा जोडी घुंगरू होते. अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. दोन फुटांऐवजी वीस फुटांवर ती शंभराव्या हिश्श्यावर येते, हे शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान त्या रात्री कोणास आठवले नाही. त्यातून आवाजाची पातळी यंत्रावर सोपविलेली. असे यंत्र फार भित्रे असते. मृदंगावर थाप पडली की ते दचकून सर्वच आवाज खाली ओढते, आणि ते भानावर येऊन पातळी पुन्हा वर नेईपर्यंत शाहिराचा पुढचा शब्द होऊन गेलेला असतो. मृदंग थांबला की ते शांततेचा शोध घेत इतके वर जाते की रातकिडे आणि जनरेटर हेच गवई होऊन बसतात.

दोन वर्षांनी ते शाहीर वारले. त्यानंतर तो विद्यार्थी आमच्याकडे आला आणि कवने उतरवून द्यावीत अशी त्याने विनंती केली. आम्ही चार रात्री कानांस यंत्र लावून बसलो. शाहिराच्या कपाळावरील घामाचा थेंब न् थेंब आम्हांस मोजता आला असता. कवनांपैकी पुरे असे एकही हाती लागले नाही. एका गवळणीत यमुनेच्या काठी कोणीतरी काहीतरी मागते, एवढे कळते. कोण आणि काय, हे मृदंगाने गिळले आहे. एका सवालात प्रश्न ऐकू येतो आणि उत्तर येत नाही. ओठ स्पष्ट दिसतात, म्हणून आम्ही ओठांवरूनही वाचण्याचा यत्न केला. परंतु पान खाल्लेल्या वृद्धाच्या ओठांवरून ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ यांतील भेद ओळखण्याची विद्या आम्हांस अवगत नाही.

या ठिकाणी आमच्या मनात नेहमी एक तुलना उभी राहते. बालगंधर्वांस रंगभूमीवर पाहिलेली माणसे आता विरळ झाली. पडद्यावर ते ‘प्रभात’च्या १९३५ सालच्या ‘धर्मात्मा’त दिसले, पण आमच्या पिढीस ते ठाऊक आहेत ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांमुळे. त्या तबकड्या खरखरतात, तरी शब्द कळतो, स्वर कळतो आणि त्यांतील लाडिक थबकणेही कळते. त्यांच्या गुरूंची, भास्करबुवा बखल्यांची, तबकडी नाही. १९२२ साली बुवा गेले, आणि शिष्यांच्या गळ्यांतून जेवढे आले तेवढ्यावरच आपणांस समाधान मानावे लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या ओबडधोबड यंत्राने गाणाऱ्यास आपल्या कर्ण्यासमोर, हातभर अंतरावर आणून बसविले होते. चित्र नव्हते म्हणून सर्व लक्ष तोंडाकडे होते. आमच्या शाहिराच्या वाट्यास शतपट शहाणे यंत्र आले, पण ते वीस फूट दूर उभे राहिले.

उपाय काही गुप्त नाही, आणि महागही नाही. कॅमेऱ्याच्या किमतीच्या मानाने किरकोळ अशा पैशांत हाताच्या पंजात मावणारा स्वतंत्र ध्वनिमुद्रक मिळतो. तो केंद्रात, मृदंगाच्या मागे व शाहिराच्या समोर ठेवावा. आधी मृदंगवाल्यास जास्तीत जास्त जोराची थाप मारावयास सांगून, ती थापही मोजपट्टीवर शून्याच्या बारा डेसिबल खालीच राहील अशी पातळी हाताने कायम करावी आणि मग तिला रात्रभर हात लावू नये. एकाने हेडफोन घालून केवळ ऐकत बसावे. त्यास दुसरे कोणतेही काम देऊ नये, विशेषतः चहा आणण्याचे. प्रारंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे पुढे संकलनाच्या वेळी चित्रातील टाळी व मुद्रकातील टाळी एकावर एक बसविता येते. कॅमेऱ्यातील आवाजही चालू ठेवावा. तो वाईट असला तरी जुळणीस उपयोगी पडतो. वाऱ्यासाठी माईकवर केसाळ टोपरे घालावे. भाट्यास उभे राहून उघड्या माईकने बोलणे टिपू म्हणणारा मनुष्य खाडीत जाळे न टाकता मासे धरू म्हणणाराच समजावा. आणि मंडळी निघून गेल्यावर त्या जागेची शांतता अर्धा मिनिट टिपून ठेवावी, कारण प्रत्येक अंगणाची शांतता वेगळी असते आणि दोन वाक्यांच्या मधले सांधे तिनेच भरावे लागतात. एवढे सगळे सांगून झाले तरी त्यास एक घटकाभर पुरे झाली. ‘आलम आरा’ १९३१ साली घेतला गेला तेव्हा जवळच्या आगगाडीचा खडखडाट टाळण्यासाठी बरेचसे काम रात्री, गाड्या थांबल्यावर केले जात असे, ही हकीकत प्रसिद्धच आहे. त्या मंडळींस आवाजासाठी झोप मोडावी लागली. आमच्या मंडळींस फक्त माईक हलवावयाचा आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो घेणारे सामान्य नव्हेत, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. ते म्हणतात की वारा, समुद्र, घुंगरू, जनरेटर हे सर्व त्या जागेचे खरे आवाज आहेत. ते काढून शाहिराचा गळा तेवढा वेगळा केला तर तो नागरी सभागृहातला गळा होईल, वाडीतला राहणार नाही. आम्हांस यात तथ्य वाटते, पण ते अर्धेच. वाडीत बसलेल्या माणसाचा कान कॅमेऱ्याच्या माईकप्रमाणे ऐकत नाही. तो घुंगरांतून शब्द निवडून घेतो, समुद्रास मागे सारतो, ओळखीचा गळा पुढे आणतो. मन ऐकत असते म्हणून कान ऐकतो. यंत्रास मन नाही. म्हणून जे काम वाडीतील श्रोत्याचे मन नकळत करते ते दिग्दर्शकाने जाणून-बुजून केले पाहिजे. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ ज्यांनी पाहिला असेल त्यांस आमचे म्हणणे पटेल. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी गौरविलेला, आणि त्या वर्षीचा उत्तम मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा चित्रपट आमच्याच कोकणच्या पावसात भिजलेला आहे. तो कोणत्या कॅमेऱ्यावर घेतला हा प्रश्न येथे गौण. सोबत्यांनी टाकून दिलेला तो मुलगा भर पावसात किल्ल्यावर एकटा सापडतो, तेव्हा पाऊस हाच त्या प्रसंगातील संवाद आहे; आणि आई व मुलगा घरात हळू आवाजात बोलतात तेव्हा तोच पाऊस मागे सरून त्यांस बोलू देतो. नैसर्गिक वाटणारा ध्वनी हा निवडलेला ध्वनी असतो. न निवडलेला तो नुसता गोंगाट.

आमच्या टीकाकारांनीही या बाबतीत काही केले आहे असे नाही. चित्रपटांची परीक्षणे उघडून पाहावीत: कथा, अभिनय, छायालेखन, गाणी यांस परिच्छेद मिळतात; ध्वनिलेखकाचे नाव आले तर शेवटच्या ओळीत ‘यांची साथ’ म्हणून. आम्हीही तशीच परीक्षणे लिहीत आलो. ज्याची स्तुती होत नाही आणि ज्यास कोणी दोषही देत नाही, ते काम तरुणांनी मन लावून करावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

शाहिरांच्या कवनांची वही सध्या आमच्या टेबलावर आहे. जेथे शब्द लागला नाही तेथे आम्ही रेघ ओढली होती. शाहिरांचा पुतण्या गेल्या शिमग्यात येऊन बसला आणि त्याने आठवून काही रेघा भरून दिल्या. दोन ठिकाणी त्याचा शब्द व शाहिरांच्या ओठांची हालचाल जुळत नाही, म्हणून तेथे दोन्ही पाठ ठेवले आहेत. चुलत्याच्या जागी आता तोच गातो. येत्या गणपतीत आमचा विद्यार्थी पुन्हा त्या वाडीत जाणार आहे, या खेपेस ध्वनिमुद्रक घेऊन. मृदंगाच्या शेजारी तिपाई उभी राहावयाची तर आत जागा हवी, म्हणून नाचणाऱ्यांनी फेर एक पाऊल मागे घेण्याचे कबूल केले आहे. आणि हेडफोन घालून बसण्याचे काम आमच्याकडे आले आहे.